पदवी फक्त बीएस्सी, नोकरी देवळालीच्या शाळेत, पण ६१७४ या आकड्याला जगाने कापरेकरांचं नाव दिलं

कागद आणि पेन घ्या. पाढे विसरला असाल तरी चालेल, फक्त वजाबाकी आली पाहिजे.

कुठलीही चार अंकी संख्या निवडा. अट एकच, चारही अंक सारखे नकोत. म्हणजे ११११ किंवा ५५५५ घेतलं तर गंमत होणार नाही. आपण उदाहरणाला महाराष्ट्र राज्य स्थापन झालं ते साल घेऊ, १९६०.

आता या संख्येतले अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, ९६१०. मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा, ०१६९. मोठ्या संख्येतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचंही परत तेच करा. मध्येच उत्तर तीन अंकी आलं, तर पुढे शून्य लावून ते चार अंकी करायचं.

९६१० − ०१६९ = ९४४१
९४४१ − १४४९ = ७९९२
९९७२ − २७९९ = ७१७३
७७३१ − १३७७ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता पुढे जाऊन बघा. ७६४१ वजा १४६७. उत्तर परत ६१७४. कितीही वेळा करा, गाडी आता इथून हलणार नाही.

हे फक्त १९६० चं नाही. तुमचं जन्मसाल घ्या, गाडीचा नंबर घ्या, एटीएमचा पिन घ्या. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येणार म्हणजे येणारच. गणिताच्या जगात या आकड्याला कापरेकर स्थिरांक म्हणतात. तो शोधला नाशिकजवळच्या देवळालीत शाळेवर शिकवणाऱ्या एका मास्तरांनी. त्यांचं पूर्ण नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कोण होते कापरेकर?

१७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला त्यांचा जन्म झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली आणि पुढे वडिलांनीच त्यांना वाढवलं. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा भारी नाद होता. कुंडली मांडायची तर आकडेमोड आलीच. ग्रहांवर पोराचा किती विश्वास बसला हा भाग वेगळा, पण आकड्यांशी खेळायची सवय त्याला घरातूनच लागली.

माध्यमिक शिक्षण ठाण्याला झालं. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. याच कॉलेजचं प्राचार्यपद रँग्लर र. पु. परांजपे यांनी सांभाळलं होतं. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली पहिले येऊन सीनिअर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या नावाने गणितातल्या स्वतंत्र कामासाठी एक पारितोषिक दिलं जायचं. १९२७ साली ते कापरेकरांना मिळालं. म्हणजे पोरगा हुशार आहे, स्वतःच्या डोक्याने काहीतरी नवीन करतो, हे विशीतच सगळ्यांना कळलं होतं.

१९२९ साली ते बीएस्सी झाले. एखाद्याने पुढे एमएस्सी केली असती, विद्यापीठात चिकटला असता. कापरेकरांचं शिक्षण मात्र इथेच थांबलं. त्याच वर्षी ते देवळालीच्या शाळेत गणिताचे शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले. लष्करी छावणीचं ते लहानसं गाव. जवळ संशोधन संस्था नाही, मोठं ग्रंथालय नाही, चर्चा करायला दुसरा गणितज्ञ नाही. हाताशी होते ते फक्त आकडे. ते मात्र अख्खेच्या अख्खे होते आणि फुकट होते.

६१७४ च का?

कापरेकरांनी ही गोष्ट १९४९ साली मद्रासला भरलेल्या गणित परिषदेत मांडली. पुढे १९५५ साली अमेरिकेतून निघणाऱ्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात त्यावर त्यांचं टिपण छापून आलं.

पहिल्यांदा बघणाऱ्याला हा हातचलाखीचा खेळ वाटतो. पण यामागे साधं कारण आहे.

१९६० मध्ये सगळ्यात मोठा अंक ९ आणि सगळ्यात लहान ०. त्यांच्यातला फरक ९. उरलेले दोन अंक ६ आणि १. त्यांच्यातला फरक ५. आता पहिल्या फरकाला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने गुणा आणि बेरीज करा. ८९९१ अधिक ४५० म्हणजे ९४४१. आपल्या पहिल्या वजाबाकीचं उत्तर हेच होतं.

म्हणजे वजाबाकीचं उत्तर चारही अंकांवर ठरत नाही, ते फक्त या दोन फरकांवर ठरतं. आणि अशा दोन फरकांच्या जोड्या होऊन होऊन होतात किती? फक्त ५४. चारही अंक सारखे असलेल्या संख्या वगळल्या तर एकूण चार अंकी संख्या आहेत ८९९१. पहिल्याच वजाबाकीत या सगळ्या संख्या ५४ उत्तरांमध्ये येऊन बसतात. या ५४ मधून पुढच्या वाटा तपासत गेलं की त्या एकमेकींत मिसळत शेवटी एकाच ठिकाणी पोहोचतात.

तीन अंकी संख्यांचं असंच ठिकाण आहे ४९५. दोन अंकी संख्यांना मात्र असं ठिकाणच नाही. त्या ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९ अशा फेऱ्या मारत बसतात. पाच अंकी संख्याही अशाच गोल फिरतात. सहा अंकांना ५४९९४५ आणि ६३१७६४ अशी दोन ठिकाणं आहेत, पण तिथेही काही संख्या गोल फिरतच राहतात.

यातला ६३१७६४ नीट बघा. ६१७४ मधल्या ६ च्या पुढे एक ३ आणि ४ च्या मागे एक ६ घातला की हाच आकडा तयार होतो. परत तसंच करा, ६३३१७६६४. परत करा, ६३३३१७६६६४. यातल्या प्रत्येकाचे अंक उलटसुलट मांडून वजाबाकी केली की तोच आकडा परत येतो. ६१७४ चं हे घराणं कितीही मोठ्या संख्येपर्यंत असंच चालू राहतं.

वर्ग केला, दोन तुकडे केले, आणि तीच संख्या परत

६१७४ मुळे कापरेकर ओळखले जातात, पण त्यांचं काम तिथे संपत नाही. त्यांना संख्यांच्या जाती शोधायचा छंद होता. एखादा माणूस पक्ष्यांची नोंद ठेवतो, त्यांना नावं देतो, तसंच हे.

यातली सगळ्यात गाजलेली जात म्हणजे कापरेकर संख्या. ४५ घ्या. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज केली की परत ४५. तीच गोष्ट २९७ ची. वर्ग ८८२०९, तुकडे ८८ आणि २०९, बेरीज २९७. नियम एवढाच की मूळ संख्येत जितके अंक, तितके अंक वर्गाच्या उजवीकडून तोडायचे.

९, ४५, ५५, ९९, ७०३ या सगळ्या त्याच जातीच्या. १४२८५७ सुद्धा. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्यातले उजवीकडचे सहा अंक १२२४४९, डावीकडे उरले २०४०८. दोघांची बेरीज १४२८५७.

७७७७ चा वर्ग होतो ६०४८१७२९. तुकडे ६०४८ आणि १७२९, बेरीज ७७७७. यातला दुसरा तुकडा ओळखीचा वाटतो ना? तोच तो, रामानुजन यांच्यामुळे प्रसिद्ध झालेला १७२९.

गंमत म्हणजे खुद्द ६१७४ ही कापरेकर संख्या नाही. तिचा वर्ग ३८११८२७६. ३८११ आणि ८२७६ यांची बेरीज १२०८७ होते. म्हणजे कापरेकर स्थिरांक कापरेकर संख्यांच्या यादीत बसत नाही.

हर्षद, स्वयंभू आणि डोंबिवली स्टेशन

कापरेकर नावं ठेवायचे तीही आपल्या मातीतली.

एखाद्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग गेला तर तिला त्यांनी म्हटलं हर्षद संख्या. हर्षद म्हणजे आनंद देणारी. १२ मध्ये १ आणि २ मिळून ३, आणि १२ ला ३ ने भाग जातो. १७२९ च्या अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. म्हणून तीही हर्षद. ६१७४ कापरेकर संख्या नसली तरी हर्षद नक्की आहे. तिच्या अंकांची बेरीज १८, आणि ६१७४ ला १८ ने भाग दिला की येतात ३४३. म्हणजे सातचा घन.

दुसरी जात स्वयंभू संख्यांची. १५ घ्या, त्यात त्याचेच अंक १ आणि ५ मिळवा, उत्तर २१. म्हणजे १५ ने २१ ला जन्म दिला. या हिशेबाने ६१५६ मध्ये तिच्या अंकांची बेरीज १८ मिळवली की जन्मते ६१७४. काही संख्यांना दोन जन्मदाते असतात. ९१ मध्ये १० मिळवले तरी १०१, आणि १०० मध्ये १ मिळवला तरी १०१. पण काही संख्यांना कोणीच जन्मदाता नसतो. २० कुठल्याही संख्येपासून अशी मिळत नाही. ३१ ही नाही, ४२ ही नाही. कापरेकरांनी या संख्यांची व्याख्या केली आणि त्यांना आपल्या गावाचं नाव दिलं, देवळाली संख्या.

तिसरी जात डेम्लो संख्यांची. हे नाव आलं रेल्वे स्टेशनवरून. मुंबईपासून तीसेक मैलांवर जीआयपी रेल्वेचं डेम्लो नावाचं स्टेशन होतं आणि तिथे कापरेकरांना या संख्यांची कल्पना सुचली. ते डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली. रोज लाखो लोक जिथून धावत लोकल पकडतात, त्या स्टेशनचं नाव गणितातल्या संख्यांच्या एका अख्ख्या जातीला लागलेलं आहे.

या जातीतल्या सगळ्यात देखण्या संख्या तयार होतात एक एक शेजारी ठेवून. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. असं करत नऊ वेळा एक लिहा आणि वर्ग करा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१.

ही सतरा अंकी संख्या कापरेकरांच्या नजरेने बघितली की एकेक गोष्ट उलगडत जाते. ती पूर्ण वर्ग आहे. डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, सारखीच. डेम्लो तर आहेच. शिवाय तिच्या अंकांची बेरीज होते ८१ आणि तिला ८१ ने पूर्ण भागही जातो. म्हणजे ती हर्षदसुद्धा आहे. भागाकार येतो तो १२३४५६७९ या संख्येचा वर्ग.

आता नऊच्या ऐवजी दहा वेळा एक लिहा, म्हणजे एक अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. वर्ग करताना हातचे यायला लागतात आणि ती सुंदर चढण-उतरण मोडते. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. वाटतं की संपली गंमत. पण उजवीकडचे दहा अंक तोडा, ०९८७६५४३२१. डावीकडे उरले १२३४५६७९०. दोघांची बेरीज करा. परत दहा वेळा एक. जिथे डेम्लोची नक्षी बिघडते, तिथेच ती संख्या कापरेकर संख्या निघते.

कापरेकरांनी आयुष्यभर हेच केलं. तेही कॉम्प्युटरशिवाय, शाळा सांभाळून, हाताने आकडेमोड करत.

मग दखल का घेतली गेली नाही?

भारतातल्या गणितज्ञांनी सुरुवातीला हे काम फारसं गांभीर्याने घेतलं नाही. मोठ्या नियतकालिकांत त्यांना जागा मिळत नव्हती. त्यांचं बरंचसं लिखाण लहानसहान नियतकालिकांत आलं, काही त्यांनी स्वतःच पुस्तिका काढून छापलं. गणिताच्या परिषदांना ते पदरमोड करून जायचे. शाळामास्तरचा पगार, त्यातून प्रवासाचा आणि छपाईचा खर्च.

फक्त पदवी नाही म्हणून त्यांना बाजूला ठेवलं असं म्हणणं सोपं आहे. पण गणितज्ञांच्या आक्षेपात दम होता, तो समजून घेतला पाहिजे.

आपण दहाच्या पटीत मोजतो. एकं, दहं, शतं. आठच्या पटीत मोजणारा माणूस आपला ६१७४ हा आकडा १४०३६ असा लिहील. संख्या तीच, पण अंक वेगळे आणि तेही पाच. मग चार अंकांचा खेळ गेला कुठे? याउलट, २ ला एकदा, ३ ला दोनदा आणि ७ ला तीनदा घेऊन गुणलं की ६१७४ होतात, ही गोष्ट कुठल्याही पद्धतीने लिहिलं तरी खरी राहते. म्हणून गणितज्ञांचं म्हणणं असायचं की कापरेकर संख्येचे गुण शोधत नाहीत, संख्या लिहायच्या पद्धतीचे गुण शोधतात. ही करमणूक झाली, हे गणित नव्हे.

कापरेकरांनी या वादात न पडता आपलं काम चालू ठेवलं. ते चांगले शिक्षक म्हणून नावाजलेले होते आणि आजूबाजूच्या संस्थांमध्ये त्यांना व्याख्यानासाठी बोलावलं जायचं. पण म्हातारपण सोपं गेलं नाही. १९६६ साली पत्नीचं निधन झालं. निवृत्तीनंतरचं पेन्शन पुरत नव्हतं. राहणी अगदी साधी असूनही भागेना, म्हणून ते मुलांच्या गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्यायचे. उरलेल्या वेळात आकडे होतेच.

१९७५ साली काय झालं?

अमेरिकेत मार्टिन गार्डनर नावाचे लेखक होते. सायंटिफिक अमेरिकन मासिकातलं त्यांचं गणिती खेळांचं सदर जगभर वाचलं जायचं. मोठमोठे गणितज्ञ ते वाचायचे आणि शाळकरी मुलंही. स्वतः गार्डनर यांच्याकडेही गणिताची पदवी नव्हती, ते शिकले होते तत्त्वज्ञान.

मार्च १९७५ च्या अंकात गार्डनर यांनी कापरेकर आणि त्यांच्या संख्यांवर लिहिलं. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. देवळालीचं नाव त्या एका लेखाने जगभरच्या वाचकांपर्यंत गेलं. मग इकडच्या लोकांच्याही लक्षात आलं की आपल्याकडे असा एक माणूस आहे.

१९८६ साली देवळालीतच कापरेकरांचं निधन झालं.

त्यांच्या काही नावांना परदेशात दुसरी नावं मिळाली. देवळाली संख्यांना तिकडे सेल्फ नंबर किंवा कोलंबियन नंबर म्हणतात. हर्षद संख्यांना आयव्हन निव्हेन या गणितज्ञांवरून निव्हेन नंबरही म्हटलं जातं. पण हर्षद हा शब्द टिकला, तो जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत तसाच वापरला जातो. तो संस्कृतातून उचलून देवळालीच्या एका मास्तरांनी दिलाय, हे वापरणाऱ्या अनेकांना ठाऊकही नसेल.

आणि त्या जुन्या आक्षेपाचं काय झालं? २००० साली डग्लस इयानुची या गणितज्ञाने कापरेकर संख्यांवर एक निबंध लिहिला. ९, ९९, ९९९, ९९९९ अशा संख्यांना कोणकोणत्या संख्यांनी भाग जातो, याच्याशी कापरेकर संख्यांचं थेट नातं आहे हे त्याने सिद्ध केलं. म्हणजे ४५, २९७, ७०३ हे योगायोगाने सापडलेले सुटे दाणे नव्हते, त्यांच्या खाली भागाकाराची शिस्तबद्ध रचना होती. दहाऐवजी दुसऱ्या पटीत मोजलं तर अशा संख्या कोणत्या, हेही गणितज्ञ शोधू लागले. ज्याला करमणूक म्हटलं गेलं, त्यातूनच खरे प्रश्न निघाले. ते विचारायचं काम मास्तरांनी करून ठेवलं होतं.

आज प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या पोरांना सरावाला ६१७४ चं गणित दिलं जातं. संगणक काही क्षणांत सगळ्या ८९९१ संख्या तपासून मोकळा होतो. कापरेकर तीच वाट कागदावर चालत गेले होते.

जाता जाता एक गणित तुमच्यासाठी. कापरेकरांचं जन्मसाल १९०५ घ्या आणि सुरुवातीची कृती करून बघा. ९३५१, मग ८१७२, मग ७४४३, असं करत बरोबर सात पायऱ्या लागतात. यापेक्षा लांबची वाट कुठल्याच चार अंकी संख्येला नाही. मग १९८६ घ्या. ही वाट पहिल्याच पायरीला ८१७२ वर येते आणि तिथून पुढे दोन्ही सालं एकाच रस्त्याने चालतात.

कुठे पोहोचतात, ते तुम्हाला माहीतच आहे.